विमा नव्हता, एवढंच

मास्टरबाई म्हणजे शाळेतल्या बाई नव्हेत. अडलेली कुलपं उघडणं, किल्ल्या घासून देणं, तिजोरीचा रुसवा काढणं हा त्यांचा धंदा, आणि ‘मास्टर की’वरून लोकांनी पाडलेलं हे नाव. नवरा गेला तेव्हा त्यांना धड दोन किल्ल्यांतला फरक कळत नव्हता. दुकान विकून टाका, असं झाडून सगळे नातेवाईक सांगून गेले. बाईंनी वर्षभर जुनी कुलपं खोलली, पुन्हा जोडली, बोटं सोलून घेतली आणि वर एक जुनी व्हॅनही घेतली. आता साठी उलटली तरी दाराबाहेर अडकलेल्या माणसाचा फोन आला की बाई अर्ध्या तासात हजर.

त्या व्हॅनचा विमा संपून तीन आठवडे झाले होते. आठवणीचं पत्र आलं होतं. बाईंनी ते वाचलं, ‘सोमवारी भरू’ म्हणून खणात सरकवलं, आणि एकामागून एक तीन सोमवार निघून गेले.

पुढच्या बुधवारी दुपारी त्या एका गिऱ्हाइकाचं घर शोधत दवाखान्यांच्या गल्लीतून हळूहळू व्हॅन चालवत होत्या. एका फाटकातून पांढरी मोटार उलटी आली ती थेट व्हॅनच्या कुशीत घुसली. सरकतं दार आत दबलं, किल्ल्यांचे खोके गडगडले, बाईंचा खांदा खिडकीवर आपटला. मोटारीतून दातांचे डॉक्टर उतरले. चेहरा पांढराफटक. फार लागलं का, असं त्यांनीच आधी विचारलं. मी मागे पाहिलंच नाही, असंही पुटपुटले. मग विम्याचे कागद मागितले. बाईंनी खरं ते सांगितलं, आणि डॉक्टरांचा आवाजच बदलला.

दुसऱ्या दिवशी ते टाइप केलेला कागद घेऊन दुकानात आले. माझ्या हयगयीमुळे अपघात झाला, दोन्ही गाड्यांचा खर्च मी देईन, असं त्यात बाईंच्या नावाने लिहिलं होतं. बाईंनी सही केली की पोलिसांना काही कळणार नव्हतं.

“विमा नसलेली गाडी रस्त्यावर असायलाच नको होती,” डॉक्टर समजावणीच्या सुरात म्हणाले. “ती नसती तर टक्कर झाली नसती. म्हणजे दोष तुमचाच, बाई.”

बाईंचा धाकटा भाऊ, निवृत्त कारकून, तेव्हा दुकानातच बसला होता. जन्मभर साहेबांच्या पुढे मान तुकवलेला माणूस. “ताई, करून टाक सही,” तो हळूच म्हणाला. “आपलंच नाणं खोटं आहे.”

“खोटं आहे ते माझं मी बघते.” बाईंनी कागद डॉक्टरांकडे सरकवला. “चुका दोन आहेत, डॉक्टर. विमा भरला नाही ही माझी. मागे पाहिलं नाहीत ही तुमची. माझी मी भोगेन. तुमची कशाला माझ्या गळ्यात बांधता?”

मग पोलिसांना कळवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. बाईंनी हातातली कानस खाली ठेवली, दुकान भावावर सोडलं आणि चालत चौकी गाठली. विमा नसताना गाडी चालवली, असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं. हवालदाराने दोनदा विचारलं, बाई, तुम्हाला कुणी पाठवलं? दंड बसला. पोलिसांनी व्हॅन नेली आणि नवा विमा होईपर्यंत ती चौकीच्या आवारात अडकली. पण डॉक्टरांच्या हातातला हुकमाचा पत्ता तेवढ्याने गेला.

पुढचे पंधरा दिवस सोपे नव्हते. अवजारांची पिशवी दुखऱ्या खांद्यावर घेऊन बाई बसने हिंडल्या. तीन सोमवारांसाठी स्वतःला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की डॉक्टरांना द्यायला एकही उरली नसेल. भाऊ म्हणे, तूच आपल्या पायावर धोंडा मारून घेतलास. बाई म्हणत, पाय माझा, धोंडाही माझा.

मग डॉक्टरांच्या विमा कंपनीचा तपासनीस व्हॅन बघायला आला. चष्मेवाला, कमी बोलणारा गृहस्थ. बाईंनी त्याला दबलेलं दार दाखवलं. मार कुशीत होता, पुढचा भाग शाबूत. म्हणजे व्हॅन मोटारीवर गेली नव्हती, मोटार व्हॅनवर आली होती. तो मान डोलावत लिहीत होता. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “आणखी एक लिहा. मी घरांचे नंबर वाचत होते. समोर बघत असते तर कदाचित ब्रेक लागला असता.”

भावाने कपाळाला हात लावला. तपासनिसाचं पेन थांबलं. “हे तुम्ही बोलला नसता तर मला कळलंही नसतं.”

“म्हणून तर बोलले. आता बाकीचं सांगते तेही खरं धराल.”

चार महिन्यांनी निकाल आला. बारा आणे दोष डॉक्टरांचा, चार आणे बाईंचा. भावाला हायसं वाटलं. बाई मात्र अहवालाच्या पहिल्या ओळीवरच अडल्या. ‘विनाविमा वाहनामुळे झालेला अपघात’, असं तिथे छापलं होतं. त्यांनी कागद परत पाठवला. उत्तर आलं नाही. मग त्या स्वतः कंपनीच्या कचेरीत गेल्या, एकदा, दोनदा, तीनदा. भावाने विचारलं, “भरपाई मिळाली ना? मग एका ओळीसाठी एवढा आटापिटा कशाला?”

“भरपाई व्हॅनची होती,” बाई म्हणाल्या. “ती ओळ माझ्याबद्दल आहे.”

तिसऱ्या खेपेला त्या सकाळपासून बाकावर बसून राहिल्या. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, बाई हलल्या नाहीत. शेवटी तो चष्मेवालाच बाहेर आला आणि नवा कागद त्यांच्या हातात ठेवला. ‘मागे न पाहता फाटकाबाहेर काढलेल्या मोटारीची चालत्या व्हॅनला धडक.’ आणि खाली, वेगळ्या ओळीत: ‘व्हॅनचा विमा नव्हता.’

दुसरी ओळ हवी तर काढून टाकतो, तो खालच्या आवाजात म्हणाला. निकालाला तिची काही गरज नाही.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या. “ती खरी आहे.” कागदाची घडी करून त्यांनी तो पिशवीत टाकला आणि त्या जिना उतरू लागल्या. खाली पोहोचेपर्यंत फोन वाजला होता. कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर अडकलं होतं.