कधीच न पडलेला माणूस

पाचूबंदरला आमच्या शेजारी राहणारा हा माणूस कप दोन्ही हातांनी धरतो, तरी चहा बशीत सांडतोच. तरुणपणी तो बॉक्सर होता आणि रिंगमध्ये कधीच खाली पडला नाही, हे लोक अजून कौतुकानं सांगतात. मला ते ऐकवत नाही.

आता तो सातिवलीच्या एका गाळ्यात मुलींना बॉक्सिंग शिकवतो. पहिला धडा गुडघा टेकण्याचा. "डोक्याला मार जास्त झाला का खाली बसायचं. लाज नाय वाटून घ्यायची."

परवाच्या सामन्याला मी त्याच्यासोबत होतो. त्याची एक शिष्या मार खाऊन भेलकांडत होती, पण गुडघा टेकेना. यानं खांद्यावरचा टॉवेल रिंगमध्ये फेकून सामना थांबवला.

तिचा बाप धावून आला. "सर, योद्धा आहे माझी पोरगी! तुम्ही हरवलंत तिला!"

यानं आपले थरथरणारे हात त्याच्यापुढे धरले. "मीपन योद्धाच होतो. बघ."

बाप पोरीला सावरायला रिंगकडे वळला.

परतताना रिक्षात यानं मला विचारलं, "पोरगी जिंकली ना रे?"

"जिंकली," मी म्हणालो.

घर येईपर्यंत तो विसरून पुन्हा तेच विचारत राहिला, आणि मी तेच सांगत राहिलो.