लाकूड हाय, लग्न न्हाई

शंकर मिस्त्री बोलत ते दातांत स्क्रू धरून. त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं अंदाजानेच घ्यावं लागे. धारूरहून बीडला आलेला हा सुतार खिळा म्हणून ठोकत नसे. कारण विचारलं की म्हणत, "खिळा उपटला की लाकूड फाटतं, बाई. स्क्रू उलटा फिरवला की झालं. लाकूड हाय, लग्न न्हाई."

मुलांनो, तुमची आत्या घरून काम करायला पुण्याहून माझ्याकडे आली, तेव्हाची ही गोष्ट. तुमचे आजोबा गेल्यापासून या दोन खोल्यांत मी एकटी होते. ती स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने काम करी. "बघते महिनाभर. नाही जमलं तर परत जाईन," म्हणाली. ती जाऊ नये एवढंच मला हवं होतं. पण तसं बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही. म्हणून मी फर्निचर करायला घेतलं.

जन्मभर मी इंग्रजी शिकवलं आणि शाळेची वेळापत्रकं आखली. पट्टी घेऊन कागदावर पलंग काढला. रात्री आडवा केला की माझा पलंग. दिवसा भिंतीला उभा केला की त्याच्याच पाठीतून तिचं टेबल. एकीकडे 'डे', दुसरीकडे 'नाइट' लिहून खाली रेघाही मारल्या. मिस्त्रींनी कागद फिरवून फिरवून पाहिला. "लई भारी डोकं हाय, बाई. चूक काढायला जागाच न्हाई ठिवली."

पलंग झाला. मिस्त्रींनी आणि मी तो शेजाऱ्यांना उघडून, मिटवून दाखवला. आत्याने टेबलावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "पण आई, माझं ऑफिस अमेरिकेचं. ते रात्रीच चालतं. तू झोपणार कुठं?"

ती रात्री जागते हे मला दिसत होतं. मी समजत होते, टेबल नसल्यामुळे दिवसाचं काम मागे पडतंय.

मग मी खुर्चीत झोपू लागले, अगदी ताठ. आठवड्याने तिने बॅग काढली. "तुझी झोप मोडून मला इथं राहायचं नाही." मी मिस्त्रींना फोन केला.

"कावून एवढं तोंड पाडलंय?" म्हणत ते आले. पलंग दोन फळ्यांचा होता. त्यांनी मधले स्क्रू काढले. एक फळी तिचं टेबल, दुसरी माझा पलंग. "कूस तेवढी बदलू नका, बाई," म्हणाले. काढलेले स्क्रू काडेपेटीत घालून माझ्या हातात दिले. "टाकू नका. नातवंडं आली की पुन्ना जोडू."

आत्याने बॅग माळ्यावर टाकली. लग्न होईपर्यंत ती इथंच राहिली.

मिस्त्री गेल्या वर्षी गेले. तुम्ही दिवाळीला अमेरिकेहून येणार असं कळलं, तेव्हा फळ्या मीच जोडल्या, स्क्रू दातांत धरून. शेजारच्या वहिनी काहीतरी विचारत होत्या. माझं उत्तर त्यांना कळलं नाही.

आता एवढंच कळवा. तिकडून आल्यावर पहिले काही दिवस तुम्ही झोपणार कधी, दिवसा की रात्री? यावेळी मी आधी विचारते आहे.