घोरप्याला बाद करणारा पंच

पंचमामांचे दोन्ही कान कुस्तीत मोडलेले होते, आणि त्या कानांनी ते कुणाचंच ऐकत नसत.

नव्वदच्या दशकात जामखेडला आमच्या वसतिगृहावर ते वॉचमन होते. आईबाप ऊसतोडीला गेलेली आम्ही पोरं तिथं राहायचो. मामांचं फाटकाकडे लक्ष कमी, आमच्या पत्त्यांकडे जास्त.

हे पत्ते आम्हीच बनवलेले. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला राक्षसी जनावरं काढायची, खाली जोर लिहायचा आणि फासा टाकून झुंज लावायची. जनावर आधी पिल्लू असायचं. ओळीनं तीन झुंजी जिंकलं की थोराड. पिल्लांचा कच्चा गट, थोराडांचा पक्का. होळीला मोठी दंगल व्हायची. त्यात हरलेला पत्ता चुलीत.

काही पिल्लं लहानपणीच भारी पडत. ती कच्च्या गटात घ्यायची की नाही, हे मामा ठरवायचे. त्यांना कुणी नेमलं होतं, देव जाणे. विंचवाचं पिल्लू नांगीपायी बाद केलं आणि हत्तीचं पिल्लू घेतलं! का, तर "गरीब दिसतंय." वर आम्हालाच ऐकवायचे, "पिल्लू हाय म्हून माफी न्हाई. जोड बरोबरीची पायजे."

माझा घोरप्या म्हणजे घोरपडीचं पिल्लू. जोर बेताचाच, पण एकदा चिकटला की समोरच्याचा डाव जायचा. कच्च्या गटात त्याला तोड नव्हती. त्यामुळं मी त्याला वाढूच देत नव्हतो. दोन झुंजी जिंकायच्या आणि तिसरीत त्याला चिकटवायचंच नाही, मुद्दाम हरायचं. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

होळीच्या दिवशी सगळ्यांसमोर मामांनी माझा पत्ता उचलला. "हे पिल्लू न्हाई. ह्याला वाढू दिल्यालं न्हाई. पक्क्या गटात घाला."

मी रडलो, पाय आपटले. पहिल्याच झुंजीत घोरप्या गेला. मामांनी तो स्वतःच्या हातानं चुलीत घातला. त्या माणसाचा आला तितका राग मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आलेला नाही.

संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. "मी बी उपाशी राहून खालच्या वजनात खेळायचो. बारा वर्सं. लई कुस्त्या मारल्या. वरच्या गटात उतरायची छाती झाली न्हाई."

"मग मी काय करू?" मी म्हणालो आणि तोंड फिरवलं. पुन्हा त्यांच्याशी बोललोच नाही. दिवाळीच्या सुमारास ते नोकरी सोडून गावाकडे गेले, तेव्हा सगळी पोरं पाया पडली. मी संडासात जाऊन बसलो.

मी नवा घोरप्या काढला होता, ह्या वेळी त्याला वाढू दिलं, आणि पुढच्या होळीपर्यंत पक्क्या गटात सारखा हरत होतो. दंगलीत मात्र जिंकलो. जिंकल्याबरोबर ताडकन उठून फाटकाकडे धावलो, मामा गेलेत हे विसरून त्यांना चार शब्द सुनवायला. तिथं नवा वॉचमन बसला होता. पत्ता त्याच्यापुढे धरला, तर म्हणाला, "पाल हाय का रे ही?"