तिचा तुपाचा दिवा, माझा तेलाचा

मैत्रिणींनो, आज संकष्टी. आत्ताच मंदिरातून आले. चंद्रोदयाला वेळ आहे आणि मनाला चैन नाही, म्हणून लिहिते.

ह्यांचा दुकानातला पगार तीन वर्षं तोच आहे. महागाईत आधी आमच्या वरणभातावरचं तूप बंद केलं. या महिन्यात तरीही हिशोब बसेना, तेव्हा देवाचाही दिवा तेलाचा केला.

आज शेजारच्या शिंदेवहिनी मंदिरात भेटल्या. त्यांचे मिस्टर सरकारी नोकरीत. आम्ही दिवे शेजारी शेजारी लावले. त्यांच्या साजूक तुपाचा वास सगळीकडे पसरला.

"तूप मस्त आहे हो," मी म्हटलं.

"डीए वाढला ना भाभी," त्या हसून म्हणाल्या.

"आमच्याकडे फक्त महागाई येते. भत्ता रस्त्यातच उतरून जातो."

"जरा दिवा बघा हं," असं सांगून त्या प्रदक्षिणेला गेल्या. तेवढ्यात वारा आला. माझे दोन्ही हात माझ्याच दिव्याभोवती गेले. त्यांचा विझला, आणि गणपतीसमोर उभी असूनही मला बरं वाटलं.

त्या परत आल्या. "विझला का? चला, कोई बात नहीं," म्हणत त्यांनी माझ्या दिव्यावरून आपला लावला. मग हात जोडून म्हणाल्या, "बाप्पा, भाभींच्या घरी पण पगार वाढू दे रे."

मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, मी जास्तच जळले. मन मोठं ठेवणंही त्यांनाच परवडतं.

तुम्हीच सांगा, पगार तोच राहिला तर मोठं मन कुठून आणायचं?