साहेब तपासायला येतात त्या दिवशी दम लागत नाही

"कोणत्या दिवशी बरं वाटतं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं. आमचे हे म्हणाले, रविवारी. मला काही गप्प बसवत नाही. मी म्हणाले, "आणि तपासणीवाले साहेब येतात त्या दिवशी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं.

आमचे हे, दत्तात्रय, भोसरीत एका बॉडीशॉपमध्ये पेंटर. ठोकलेल्या गाड्या तिथं येतात आणि नव्या होऊन जातात. लातूरकडून इकडे आल्यापासून ह्यांच्या हातात स्प्रे गन. पांढऱ्यातले दहा पांढरे ह्यांना वेगवेगळे दिसतात. माझी नवी साडी मात्र दिसत नाही.

खोकला दिवाळीनंतर सुरू झाला. संध्याकाळी छातीत शिट्टी वाजायची. दिघीला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. हे दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभे राहायचे आणि मोबाइल बघितल्याचं सोंग करायचे. औषध एकच, गूळ. ह्यांच्या कामातले सगळेच सुट्टी झाली की गुळाचा खडा तोंडात टाकतात, त्यानं म्हणे छातीतला रंग उतरतो. आमच्याकडे ढेप संपत आली, खोकला जागचा हलेना.

आता तपासणीचं सांगते. कामाची जागा तपासणारे सरकारी साहेब येणार हे गॅरेजला आदल्या दिवशीच कळायचं. कसं, ते मला विचारू नका. मग फरशी धुतली जायची, कपाटातले कोरे मास्क बाहेर निघायचे आणि दिवसभर गन बंद. साहेब बघून गेले की मास्क परत कपाटात, मळायला नकोत म्हणून. मास्क मळवायचा नाही तर काय त्याची पूजा घालायची? पण त्या दिवशी हे तिन्ही जिने एका दमात चढून यायचे. मला बापडीला वाटायचं, साहेबांचा पायगुण चांगला आहे.

हे ऐकून मॅडम खळखळून हसल्या आणि लगेच तपासणी लिहून दिली. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जीव खाऊन फुंकायचं आणि छातीतून हवा किती जोरात निघते ते मशीन सांगतं. एकदा रविवारच्या सुट्टीनंतर, एकदा कामावरून थेट. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी दोन्ही वेळा देवाला एकच मागितलं, टीबी नसू दे.

टीबी नव्हता. ऑक्युपेशनल अस्थमा निघाला, म्हणजे कामातून लागलेला दमा. रंग कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर घालतात. त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ते फवारताना श्वासातून आत जातं. एकदा शरीराचं त्याच्याशी वाकडं आलं की मग थोडंसंही सोसत नाही. गुळानं त्याचं काही होत नाही.

"वेळेवर आलात," मॅडम ह्यांना म्हणाल्या. "छाती बरीचशी भरून येईल. पण गन कायमची सोडायची. मास्क लावूनसुद्धा नाही."

मला हायसं वाटलं. ह्यांचा चेहरा मात्र पडला. घरी येऊन म्हणाले, "रंग सोडला तर मी कोण गं?" मी उगाच कांदा चिरायला घेतला आणि भरपूर रडून घेतलं.

इनहेलर सुरू झालं. शेजारीण म्हणाली, पंपाची सवय लागते. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ह्यात औषध थोडंसं असतं आणि सरळ छातीत जातं, घाबरू नका. मग मीच शेजारणीला समजावलं, जरा जास्तच. पंधरा दिवस घरी काढले तसा ह्यांचा श्वास परत आला आणि श्वासाबरोबर कटकटही. भाजीत मीठ कमी म्हणाले तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तेवढ्यात साहेब उद्या येणार अशी खबर आली. हे सकाळीच गॅरेजच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. साहेब आले तसे म्हणाले, "साहेब, आज गन बंद आहे म्हणून मी इथं उभा आहे. चालू असते तेव्हा या, न सांगता."

गॅरेजच्या शेठनी कपाळाला हात लावला. साहेब त्या दिवशी नुसते बघून गेले, पण दुसऱ्या दिवशी भर कामात येऊन थडकले. गाड्या रंगवायची बंद खोली, म्हणजे पेंट बूथ, तिचे फिल्टर तुंबलेले, पंखा नावाला. सगळं दुरुस्त होईस्तोवर बूथ बंद. बाकीच्या पेंटरना बाहेरची स्वच्छ हवा नळीतून आत देणारे टोप घ्यायला लावले. शेठ आमच्यावर असे चिडले, मी तर धरून चालले की नोकरी गेली.

मग एका पांढऱ्या गाडीच्या दरवाजाचा रंग काही केल्या जुळेना. गिऱ्हाईक दोनदा परत आलं. शेठनी झक मारत फोन केला. हे गेले, बूथपासून लांबच्या खोलीत नुसता रंग कालवला, हार्डनरला हात न लावता, आणि उन्हात धरून जुळवून दिला. शेठ म्हणाले, "दत्ताभाऊ, आता तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही गाडी बाहेर जायची नाही."

बायांनो, तुमच्या घरात पेंटर असेल तर त्याला एवढंच विचारा, कोणत्या दिवशी बरं वाटतं. उत्तर सुट्टीचा दिवस असेल तर गूळ ठेवा बाजूला आणि छातीचा डॉक्टर गाठा. त्या मॅडमचे आणि त्या साहेबांचे उपकार मी विसरणार नाही.

नव्या कामाच्या पहिल्या संध्याकाळी हे जेवायला बसले आणि सांगायला लागले, पहिलीच गाडी नापास केली, ती निघाली शेठच्या मेहुण्याची. मेहुण्याचं तोंड कसं झालं त्याची नक्कल करून हे हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. हसले की पाठोपाठ खोकल्याची उबळ यायचीच, म्हणून मी सवयीनं पाण्याचा तांब्या घेऊन धावले आणि शेजारी उभी राहिले. हसणं थांबलं. खोकला काही आला नाही. पाणी मग मीच प्यायले.