गुडघ्याशी बोलणारा साडू

छातीठोकपणे चुकण्यात माझ्या थोरल्या साडूचा हात धरील असा माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून सापडायचा नाही. बाकीची माणसं चुकताना निदान थोडी चाचरतात. हा छाती पुढे काढून चुकतो. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाला आणि रहिमतपूरजवळच्या आपल्या गावी ऊस बघू लागला, पण हुकूम सोडायची सवय काही निवृत्त झाली नाही. एसटीच्या ड्रायव्हरला गाडी कुठून घालायची ते तो सांगतो, लग्नात आचाऱ्याला मीठ किती ते सांगतो, आणि माझ्या चुलत्याच्या मयतीत त्याने खांदेकऱ्यांचे डावे-उजवे पाय जुळवून घेतले होते. चहा उभ्याने पितो. अंथरुणाची घडी अशी घालतो की तिच्या कडेने बोट कापावं. रस्ता विचारणाऱ्याला ‘माहीत नाही’ असं त्याने आजवर सांगितलेलं नाही. त्याने पाठवलेली किती माणसं अजून फिरत असतील देव जाणे.

मी माणदेशातला, मेंढरांचा व्यापारी. बापाने काही ठेवलं नव्हतं, जे आहे ते मी लोणंदच्या बाजारात उन्हात उभा राहून आणि भांडून मिळवलेलं आहे. उभा राहून म्हणालो खरा, पण हा धंदा उकिडवं बसायचा आहे. मेंढराच्या पुढ्यात बसायचं, जबडा उघडून दात बघायचे, बरगडीवर हात फिरवायचा आणि मग तोंड वाकडं करून भाव पाडायचा. ज्याला बसता येत नाही त्याला दुसऱ्याच्या शब्दावर माल घ्यावा लागतो, आणि दुसऱ्याच्या शब्दावर मी आयुष्यात एकदाच काही घेतलं. तो शब्द साडूचा होता.

झालं असं, की ट्रकमध्ये मेंढरं चढवताना मागच्या फाळक्यावरून माझा पाय सटकला. गुडघ्यात काहीतरी तुटल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. साडू शेजारीच होता. त्याने गुडघा दोन्ही बाजूंनी दाबला, आकाशाकडे बघितलं आणि निकाल दिला. “पाव्हणं, निस्ता मुरगाळलाय. फौजेत असलं मी रोज बघितलंय. आपला एक मानूस हाय.”

तो मानूस म्हणजे त्यांच्या भागातला हाडवैद्य. आठ महिने त्याने माझा पाय ओढला, पिळला, लेप लावून पट्ट्यांनी आवळला. सूज उतरली की मी चालायचो, आणि चालताना मध्येच गुडघा असा निसटायचा की जणू मांडी एकीकडे आणि नडगी दुसरीकडे निघाली आहे. एकदा भर बाजारात मी मेंढरांच्या कळपात बसलो तो मला उठताच येईना. सगळे व्यापारी हसले. त्या दिवशी मी सांगलीला जाऊन मोठ्या डॉक्टरांना पाय दाखवला. एमआरआय बघून ते म्हणाले, आतला लिगामेंट पार तुटला आहे, आणि तसंच आठ महिने चालल्यामुळे सांध्यातली गादीही कुरतडली गेली आहे. मग ऑपरेशन. माझ्याच मांडीच्या मागची शीर काढून तिची दोरी केली, हाडात भोकं पाडून ती ओवली आणि स्क्रूने आवळली. पूर्ववत व्हायला नऊ महिने लागतील म्हणाले. मी पाचपर्यंत खाली आणायचा प्रयत्न केला. डॉक्टर हसले. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

साडूशी बोलणं मी त्याच दिवशी बंद केलं. त्याने एकदा ‘चुकलं’ म्हणावं, एवढीच अट मी बायकोमार्फत कळवली. उत्तर आलं नाही. मी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तोच आला, हिरवी लोखंडी ट्रंक घेऊन. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. तो कॉटपाशी आला, खाली वाकला आणि माझ्या पट्ट्या बांधलेल्या गुडघ्याला म्हणाला, “काय गड्या, लय तरास झाला न्हवं? आता मी आलोय. मालक तापट हाय तुजा, त्येचं मनावर घिऊ नगं.”

बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. त्या दिवसापासून हा माणूस चार महिने माझ्या घरात राहिला आणि माझ्याशी एक शब्द न बोलता दिवसभर बोलत राहिला. सकाळी गुडघ्याला नमस्कार. टाच ओढून पाय दुमडायचा व्यायाम करताना मी विव्हळलो तर गुडघ्याला म्हणायचा, “वरनं कायतरी आवाज येतोय, आपून ध्यान द्यायचं न्हाई.” माझ्या नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक त्याने जप्त केला होता. रोज तो गुडघ्याला लावून कोन मोजायचा आणि भिंतीवर खडूने लिहायचा. चाळीस, त्रेचाळीस, बेचाळीस. एक अंश कमी भरला की भाजीत तेल जास्त झालं होतं का, अशी बायकोकडे चौकशी. तिने एकदा चिडून विचारलं, “दाजी, तेलाचा आन् गुडघ्याचा काय संबंध?” तो म्हणाला, “फौजेत हुता.” शनिवारी दुपारी एसटीने गावी जायचा आणि रविवारी तिन्हीसांजेला परत यायचा. का जातो ते मी विचारलं नाही. बोलतच नव्हतो तर विचारणार कसं?

व्यायाम किती वेळा करायचा यावर मात्र रोज घासाघीस व्हायची. फिजिओथेरपीच्या बाई तीस म्हणाल्या की मी पंधरावर यायचो. पुढे त्यांनी मला ओळखलं आणि त्या पहिल्यापासून साठ सांगू लागल्या. घरी साडूशी न बोलता सौदा करायचा तर आमच्या धंद्यातली जुनी रीत होती. रुमालाखाली हात घालून बोटं धरायची, म्हणजे भाव चारचौघांत फुटत नाही. गुडघ्यावर बर्फाचा टॉवेल असायचाच. त्याने त्याखाली हात घातला आणि मी त्याची पाच बोटं दाबली. पाच वेळा, असं माझं म्हणणं. आता या रीतीत बोटांना शून्यं नसतात. दहाच्या पटीत चाललंय की शंभराच्या, ते तोंडाने आधी ठरवून घ्यावं लागतं, आणि आमची तोंडं तर बंद. साडूने पन्नास धरले. मीही अभिमानाने काही बोललो नाही, आणि दात आवळून पन्नास केले. संध्याकाळी गुडघा भोपळ्याएवढा झाला. बाईंनी फोनवर आम्हा दोघांना एकाच शिक्षेत बसवलं. चार दिवस व्यायाम बंद. ते चार दिवस साडू कॉटच्या पायथ्याशी बसून होता आणि गुडघ्याशीसुद्धा बोलला नाही. त्याला जेवण गेलं नाही असं बायको म्हणाली. मी ऐकलं आणि कूस बदलली. मला त्याचं न जेवणं नको होतं. मला तो एक शब्द हवा होता.

चौथा महिना संपताना आम्ही दोघं सांगलीला तपासणीला गेलो. डॉक्टरांनी पाय दुमडून बघितला, सांधा हलवून बघितला. दोरी घट्ट बसली होती. आणखी महिन्या-दीड महिन्यात सावकाश उकिडवं बसायला लागा म्हणाले. मग जुने फोटो चाळत त्यांनी विचारलं, “गादीचं एवढं नुकसान व्हायला नको होतं. इतके महिने थांबलात कशाला?”

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी केव्हापासून थांबलो होतो. उत्तर पाठ होतं, शिव्यांसकट. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. साडू सावधान उभा राहिला होता.

“माज्यामुळं, सर. ह्यांचं कायबी न्हाई. मीच चुकलो.”

पहिल्याच बोलीला माल सोडणारा माणूस मला धंद्यात कधी आवडला नाही. एक तर मालात खोट असते, नाहीतर त्याला घरी जायची घाई असते. साडूने पिशवीतून गुंडाळलेली एक फिल्म काढली. एवढं बघता का, म्हणाला. ती त्याच्या बायकोच्या, आमच्या आक्कांच्या गुडघ्यांची होती. डॉक्टरांनी ती उजेडात धरली. दोन्ही सांधे झिजले आहेत, बदलावे लागतील, कधीपासून असं आहे, म्हणाले. साडू म्हणाला, वरीस झालं. ह्यांचा एकदा मार्गी लागला की तिचं बघू, असं ठरवलं हुतं.

परतीच्या गाडीत विट्यापर्यंत मी गप्प होतो. यावेळी रागाने नव्हे. मग मी म्हणालो, “पाव्हणं, आक्कांचं मला का न्हाई सांगितलं?” खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, “तुमी बोलत कुटं हुता?”

दुसऱ्या दिवशी तो ट्रंक घेऊन गेला. आक्कांची दोन्ही ऑपरेशनं झाली. तारखा मी ठरवल्या, गाडी मी नेली. आता रविवारी मी तिकडे जातो. आक्का काठी घेऊन सोप्यात चालतात आणि मोजायला आलेल्या नवऱ्याला असं झाडतात की हवालदाराचा शिपाई होतो. आमचं बोलणं सुरळीत सुरू आहे, पण काय बोलावं ते दोघांनाही सुचत नाही. ऊस कसा आहे, बाजार कसा आहे, एवढ्यावर संपतं. परवा तो अंगणात पुढ्यात सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. पूर्वीपेक्षा हात हळू चालत होते. मी काही न धरता त्याच्यासमोर उकिडवा बसलो. त्याने बघितलं. काहीतरी चुकीचं बोलेल, निदान असं बसू नका म्हणेल, म्हणून मी वाट बघितली. त्याने सूप माझ्याकडे थोडं सरकवलं.