मोहावर जाणारा भुऱ्या

३ एप्रिल १९८४, मंगळवार. ऊन फार. भुऱ्याच्या कानामागच्या गोचिडी काढल्या, कडुलिंबाच्या पाण्याने अंग पुसले. दूध-पोळी दिली, तोंड लावले नाही. पहाटेपासून रुखमाबाईकडे होता. आजपासून त्याला साखळी.

डायरीतले हे शेवटचे वाक्य लिहिताना कमळाबाईंनी पेन इतके दाबले की शाई मागच्या पानावर उतरली.

कमळाबाई रामटेके यांचे यजमान फॉरेस्ट खात्यात होते. ते गेल्यावर नागपूरला भावाकडे न जाता बाई कुरखेड्यातच राहिल्या. भुऱ्या त्यांना लाकूड डेपोमागे सापडला, तेव्हा त्याचे डोळेही उघडले नव्हते. कापसाच्या बोळ्याने दूध पाजून त्यांनी त्याला जगवले होते. दर वर्षी त्याला पिसाळरोगाची लस टोचून आणणाऱ्या गावात त्या एकट्याच. लोक हसायचे, तरी जंताचे औषध त्यांनी कधी चुकवले नाही.

आणि एवढे सगळे करून भुऱ्या शेपूट हलवायचा ती कुंपणापलीकडच्या रुखमाबाईला पाहून!

रुखमाबाईच्या घरी धानाची शेती. उन्हाळ्यात ती मोहफुले वेचायला जाई. पहाटे टोपली घेऊन ती बाहेर आली की भुऱ्या कुंपणावरून उडी टाकून तिच्याकडे धावायचा, कंबरेपासून मागचे सगळे अंग हलवत. संध्याकाळी बाईंपुढे आला की शेपटीचे टोक तेवढे हलायचे. बाईंना ते बघवत नसे. नक्कीच काहीबाही खायला घालून ही त्याला फितवते, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते.

साखळी पाहून रुखमाबाई कुंपणाशी आली.

"काऊन बाई, भुऱ्याले जेल झाली का?"

"माझा कुत्रा आहे. बांधीन नाहीतर डोक्यावर घेईन."

"घ्या न मंग डोक्यावर. थो बसला पायजे."

ती हसत निघून गेली. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. फितवायचेच असेल तर आम्हालाही येते, म्हणत त्या चुलीपुढे बसल्या. त्या दिवसापासून भुऱ्याला तूप माखलेली पोळी, गुळाचा शिरा, मटणाची चरबी मिळू लागली. त्या स्वतः एक वेळ जेवत आणि त्याला तीन वेळा वाढत. त्याला बांधले होते त्या ओसरीवर टिनाचे छप्पर होते. दुपारी ते तापले की बाई शेजारी बसून त्याला पंख्याने वारा घालत. पहिले काही दिवस तो पहाटे साखळी ओढून रडला. मग ओढायचा थांबला. "रुळला," असे त्यांनी आनंदाने लिहिलेसुद्धा.

भुऱ्या रुळला नव्हता. एका सकाळी त्याने पिवळे ओकून टाकले. पोट डफासारखे ताठ, जीभ बाहेर, उठवले तर उठेना. बाईंच्या हाका कुंपणापलीकडे ऐकू गेल्या. रुखमाबाईने नवऱ्याला बंडी जुंपायला लावली आणि विचारल्याशिवाय स्वतःही चढून बसली. वाटेत भुऱ्याने मान उचलली आणि रुखमाबाईच्या मांडीवर ठेवली. बाई दवाखाना येईपर्यंत बैलांच्या पाठीकडे पाहत राहिल्या.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले, हिरड्या पाहिल्या. "काय खाल्लं यानं?"

"मला काय विचारता, यांना विचारा," बाई उसळल्या. "मोह, सुकट, काय काय घालतात कोण जाणे."

"मी?" रुखमाबाईने डोळे विस्फारले. "काईच नाई देत साहेब त्याले. मोहाखाली अस्वल येते न पहाटे, फुलं खायाले. हा आधीच भुकते. मी वेचतो अन् हा राखण करते. घरची भाकर बी मागत नाई."

काहीच नाही! तिने त्याला दूधभात चारला असता तर बाईंना बरे वाटले असते. त्याची बरोबरी करता आली असती.

"आणि तुम्ही काय दिलं?" डॉक्टरांनी आता बाईंना विचारले. सांगता सांगता बाईंचा आवाज बसत गेला.

"तूप, गूळ, चरबी. वर दिवसभर तापल्या टिनाखाली साखळीला," डॉक्टर सुई भरत म्हणाले. "बाई, पोट बिघडलंय ते यानंच. आज खायला काही नको. पाणी घोट-घोट द्या, एकदम नाही. उलटी थांबली तर उद्या मऊ भात, तोही थोडाथोडा. रक्त दिसलं की तसंच इकडे आणा. बरा झाला की सोडा त्याला. सकाळी ऊन चढायच्या आत पळू दे."

"मोहावर?"

"सवयीची जागा असेल तिथे. आतून झुरला तर औषधानं काय होणार?"

भुऱ्या वाचला. अंगात जोर आला तसा तो पुन्हा पहाटे कुंपणाकडे तोंड करून बसू लागला. दोन पहाटा बाईंनी तिकडे पाहिलेच नाही. तिसऱ्या दिवशी रुखमाबाईच्या दाराची कडी वाजली, तशा त्या उठल्या आणि त्यांनी साखळीचा आकडा काढला. तो पळाला. मागे वळून पाहील म्हणून त्या थांबल्या. त्याने पाहिले नाही.

"बाई, चलता का तुमी बी?" रुखमाबाईने अंधारातून विचारले.

"मला कामं आहेत," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतले. दिवसभर त्यांना एकही काम सुचले नाही. ऊन चढायच्या आत भुऱ्या परतला, भांडेभर पाणी प्यायला आणि दारात आडवा पसरला. त्याच्या अंगाला मोहाचा गोडसर वास येत होता. बाईंनी नाक मुरडले, तरी पंजे उलटून काटे तपासले. त्याने डोळे न उघडता पाय त्यांच्या हातात तसाच राहू दिला.

संध्याकाळी त्यांनी लिहिले : भुऱ्या मोहावर जाऊन आला. विहिरीचे पाणी खाली गेले. उद्या कपडे नदीवर.